हार्ड डिस्क गेली म्हणून संगणक भंगारात घालू नका

पेठेत किंवा मंचरला कुणी जुना संगणक टाकायला निघालं की मी आधी विचारतो, बिघडलंय काय? पुष्कळदा फक्त हार्ड डिस्क गेलेली असते. वीज अचानक जाते-येते, ते तिला सोसत नाही. बाकी यंत्र ठणठणीत असतं.

अशा यंत्राला डिस्क लागतच नाही. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, नेटवर्कवरून बूट होण्याची सोय चालू करायची. बटण दाबलं की नेटवर्क कार्ड केबलवरून हाक देतं, 'माझा पत्ता काय?' केबलने जोडलेला मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, आयपी पत्ता देतो आणि कोणती फाईल उचलायची तेही सांगतो. मग लिनक्सचा गाभा केबलमधून थेट रॅममध्ये उतरतो. १९९९ पासूनचा एलटीएसपी हा मोफत प्रकल्प शाळांसाठी हेच करतो. प्रोग्राम एकदाच, सर्व्हरवर टाकायचा. तो सगळ्या यंत्रांवर दिसतो. यूपीएस निदान सर्व्हरला तरी हवाच, आणि वायफायच्या नादी लागू नका, केबलच ओढा.

एकच यंत्र असेल तर लाइव्ह डिस्क, म्हणजे जिच्यावरून संगणक थेट चालतो अशी डिस्क, पुरते. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स आणलं: ७०० एमबीच्या सीडीत अख्खा डेस्कटॉप, दाबून बसवलेला. आज तेच काम पेनड्राइव्ह करतो. बंद केल्यावर लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून आपली फाईल वेगळी साठवायची.

आपल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञानाची ओढ इथल्या पोरांना आहेच. शाळेच्या अडगळीत संगणक पडले असतील, तर शिक्षकांनो, या सुट्टीत एक तरी उघडून बघा.