ऑटोपायलटला डोंगर दिसतो का?

कळंबच्या शिवारावरून मुंबईकडे जाणारं प्रवासी विमान दिसलं, तर बहुधा त्या घटकेला ते ऑटोपायलटच उडवत असतो.

त्याला जायरोस्कोप विमान किती कललं ते सांगतो, हवेच्या दाबावरून उंची कळते. समजा, वैमानिकाने त्याला 35,000 फुटांचा आकडा दिलाय आणि वाऱ्याने विमान थोडं खाली दाबलं. संगणक फरक मोजतो. शेपटीवरच्या आडव्या पट्टीची, म्हणजे एलिव्हेटरची, मागची कड मोटरने किंचित वर उचलली जाते आणि नाक वर येतं. गंमत पुढेच आहे: फरक मिटायच्या आधीच पट्टी सरळ होऊ लागते, नाहीतर विमान वरखाली झोकेच घेत बसेल. जायरोस्कोपच्याच जोरावर अमेरिकी वैमानिक लॉरेन्स स्पेरीने 1914 मध्ये पॅरिसजवळ हात सोडून विमान स्थिर ठेवून दाखवलं होतं.

पण आकडाच चुकला तर? यंत्र तोही इमानेइतबारे पाळतं. 7 जुलै 1962 च्या मध्यरात्री मुंबईला उतरू पाहणारं अलिटालियाचं डीसी-8 विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. मुंबई जवळ आली, या समजुतीने ते वेळेआधीच खाली आणलं गेलं होतं. 94 जण गेले. अशा चुकीत सुकाणू माणसाच्या हाती आहे की यंत्राच्या, याने काय फरक पडणार?

आता विमानात डोंगरदऱ्यांचा नकाशा साठवलेली यंत्रणा असते. धोका दिसताच ती 'पुल अप' असं ओरडते. बहुतेक प्रवासी विमानांत नाक वर ओढण्याचं काम मात्र आजही वैमानिकालाच करावं लागतं.