हाताची तालीम

'तालीम' हा शब्द अरबीतला. मूळ अर्थ शिक्षण. मराठीने तो मल्लांना दिला, नाटकवाल्यांनाही दिला. आम्हां शिवाजी पेठेतल्या लोकांना तर तो तांबड्या मातीच्या वासासकट आठवतो. अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या हाताविषयी लिहिताना मला याहून नेमका शब्द सापडत नाही.

झटका बसतो तो मेंदूला. हाताचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. रक्तपुरवठा तुटून मेंदूचा जो भाग निकामी होतो, त्याचे काम इतर भाग थोडेफार शिकून घेतात. मात्र त्यासाठी एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि पहिले काही महिने फार मोलाचे असतात.

ही मेहनत करून घेण्यासाठी अमेरिकेत एमआयटी या संस्थेने रुग्णाचा हात धरून फिरवणारे यंत्र तयार केले. ते थकत नाही, कंटाळत नाही. पण ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा या यंत्राने हात अधिक कामाचा झाल्याचे दिसले नाही.

याउलट साध्या आरशाची गोष्ट पाहा. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा, दुबळा हात त्याच्या आड ठेवायचा आणि चांगल्या हाताच्या प्रतिबिंबाकडे पाहत दोन्ही हात हलवायचा प्रयत्न करायचा. डोळ्यांना भासते, दुबळा हातच हलतो आहे! पक्षाघातावरचा हा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या अभ्यासांतही त्याचा उपयोग दिसून आला.

खरा अडथळा मात्र घरातच असतो, आणि तो मायेचा. सूनबाई घास भरवतात, मुलगा सदऱ्याची बटणे लावतो आणि हात स्वस्थ पडून राहतो. एडवर्ड टॉब या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की अशा हाताला न वापरण्याचीच सवय जडते. त्यावर त्यांचा उपाय कडक: हाताची थोडी हालचाल शिल्लक असेल, तर चांगल्या हातालाच मोजा घालून बसवायचे!

मुंबईत हाजी अलीला १९५५ साली पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था निघाली. आज फिजिओथेरपिस्ट कोल्हापुरातही आहेत. कोणती हालचाल, किती वेळा, हे त्यांनाच विचारावे. दुबळा हात धरून माणसाला ओढू मात्र नये, खांदा दुखावतो.

बाकीची तालीम घरची. यंदा दिवाळीच्या वाती वळायला आजींनाच कापूस द्या. वाती वाकड्या होतील, वेळही लागेल. लागू द्या. दिवा काही वाकडा जळत नाही.