बिनपगारी रजेत घडलेली दिग्दर्शिका

हॉलिवूडमध्ये बड्या स्टुडिओंची सद्दी होती त्या काळात, करारबद्ध नटाने भूमिका नाकारणे हा जवळजवळ गुन्हाच मानला जाई. वॉर्नर ब्रदर्सच्या पदरी असलेल्या आयडा लुपिनोने तो वारंवार केला आणि त्यापायी बिनपगारी निलंबन पत्करले. १९१८ मध्ये लंडनच्या एका नाट्यघराण्यात जन्मलेल्या आणि १९४१ च्या ‘हाय सिएरा’त हंफ्रे बोगार्टच्याही आधी जिचे नाव झळकले अशा या अभिनेत्रीने ही सक्तीची रजा वाया घालविली नाही. कॅमेरा कोठे लावतात, चित्रफितीचे तुकडे कसे जोडतात, हे ती पाहत राहिली.

१९४९ मध्ये ‘नॉट वॉन्टेड’ या कुमारी मातेवरील चित्रपटाचा दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन हृदयविकाराने आजारी पडला, आणि निर्माती व सहलेखिका असलेल्या लुपिनोने काम हाती घेतले. श्रेय मात्र क्लिफ्टनच्याच नावे राहिले. पुढे पती कोलिअर यंग याच्यासह तिने ‘द फिल्ममेकर्स’ ही छोटी संस्था चालविली आणि मोठे स्टुडिओ टाळीत ते विषय निवडले. १९५० चा ‘आउटरेज’ बलात्कारावर आहे. पण नीतिसंहितेचा बडगा असा, की तो शब्दच चित्रपटात उच्चारला जात नाही. लुपिनोने भर दिला तो गुन्ह्यानंतरच्या दिवसांवर. शेजाऱ्यांच्या नजरा, कचेरीतील शिक्क्यांचा ठक ठक आवाज, यांनीच ती तरुणी मोडून पडते. शब्द हिरावून घेतल्याने चित्रपट अधिक धारदार झाला, असे म्हणावे लागते.

स्त्रियांचे प्रश्न तेवढे तिला जमत, हा समज ‘द हिच-हायकर’ने (१९५३) खोडून काढला. मासेमारीस निघालेले दोन मित्र आणि त्यांना ओलीस धरणारा खुनी, एवढेच कथानक. खुन्याचा एक डोळा मिटत नाही. तो झोपला आहे की जागा, हे ओलिसांना कळत नाही. भीती निर्माण करण्यास याहून काटकसरीचे साधन कोणते? त्याच वर्षीच्या ‘द बिगमिस्ट’मध्ये तिने दिग्दर्शनाबरोबर भूमिकाही केली. सहनायिका जोन फोंटेन, म्हणजे तोवर घटस्फोटित झालेल्या यंगची नवी पत्नी!

डोरोथी आर्झनरचा शेवटचा चित्रपट १९४३ चा. त्यानंतर त्या व्यवसायात दिग्दर्शन करणारी स्त्री जवळजवळ ही एकच. सेटवरील तिच्या खुर्चीवर ‘आपणा सर्वांची आई’ अशा अर्थाची अक्षरे होती. हुकूम सोडण्याऐवजी ती आर्जव करी. याला शरणागती म्हणणारे सेटवरच्या पुरुषांची संख्या विसरतात.

संस्थेचा घात सेन्सॉरने केला नाही. वितरणही स्वतःच करण्याचा निर्णय अंगाशी आला आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास ती बंद पडली. लुपिनो दूरचित्रवाणीकडे वळली. ‘द ट्वायलाइट झोन’च्या मूळ मालिकेतील भाग दिग्दर्शित करणारी ती एकमेव स्त्री. १९६६ मध्ये कॉन्व्हेंट शाळेवरील ‘द ट्रबल विथ एंजल्स’ हा विनोदी चित्रपट आला. तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. १९९५ मध्ये निधन होईपर्यंत तिने दिग्दर्शित केलेला दुसरा चित्रपट पडद्यावर आला नाही.