झाकण उघडेना? मूठ बळकट करा!

लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला हल्ली ‘अहो, जरा बघता का?’ म्हणावं लागतं ना? मग पकड ढिली झाली, बरं का! आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषानुसार यंत्रावर मोजलेली बाईची पकड 18 किलोंहून कमी भरली, तर ती अशक्त समजावी.

पकड वाढवायच्या हँडग्रिपरचे मुख्य प्रकार तीन. रबरी कडं मऊ. सुरुवातीला तेच बरं. साध्या स्प्रिंगचा जोर बदलत नाही. चकतीवाल्या स्प्रिंगचा जोर हळूहळू वाढवता येतो. दोन पैसे जास्त पडले तरी तीच घ्यावी. दिवसाआड दहा वेळा दाबावी, सावकाश सोडावी.

पण पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत दिवसभर स्क्रू पिळून दमलेल्या हातांना आधी विसावा हवा. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तर ग्रिपर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना हात दाखवा!