हलगी शिकताना

बेलवडीचे गोल रिंगण आटोपले की तुकोबांची पालखी अंथुर्ण्यावरून निमगाव केतकीच्या वाटेला लागते. त्या वाटेवर शेकडो टाळ एका ठोक्यावर पडताना लहानपणापासून ऐकल्यामुळे आपला कान तयार आहे, अशी आमची समजूत होती. पन्नाशी उलटल्यावर हलगी शिकावयास बसलो, आणि ती समजूत पहिल्याच दिवशी मोडली.

हलगी सहसा एकटी वाजत नाही. जत्रेत किंवा कुस्तीच्या फडात जो ताफा उभा असतो, त्यात तिच्याबरोबर घुमके आणि कैताळ असते. घुमके खालचा, पोटातला आवाज धरते; कैताळ झांजेसारखे ठोका सांभाळते; या दोहोंच्या वर हलगी बोलते. हलगी म्हणजे एका कड्यावर ताणलेले कातडे. उजव्या हातात आखूड, जाड टिपरू आणि डाव्या हातात बारीक, लवचिक काडी. टिपरू मधोमध पडले की आवाज भरतो, काडी काठाजवळ पडली की तो तडतडतो. हवेत दमटपणा असला की कातडे सैल पडते. म्हणून वाजविण्याआधी पाचट पेटवून हलगी शेकावी लागते. अलीकडे प्लॅस्टिकच्या पडद्याच्या हलग्या निघाल्या आहेत. त्यांना शेक लागत नाही, आणि आमच्या कानाला तरी त्यांत ऊबही लागत नाही.

आमचे गुरू सत्तरी ओलांडलेले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ते आम्हांला थट्टेने पुढारी म्हणतात. आम्ही हलगीकडे हात नेताच त्यांनी तो बाजूला सारला आणि कैताळ पुढे केले. "पुढारी, आधी ह्ये धरा. चार बाजारांत नुसतं ह्येच." म्हणजे महिनाभर आम्ही एकच ठोका देत राहिलो. सोपे वाटते, परंतु तात्यांची हलगी नागमोडी धावू लागली की मन तिच्यामागे जाते आणि हात चुकतो. हलगीचे पुष्कळसे ठोके कैताळावर पडतच नाहीत. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडतात. दुसरा हलगीवाला असेल तर तो पहिल्याने मोकळ्या सोडलेल्या जागा भरतो. दूरून ऐकणाऱ्याला एकच चाल ऐकू येते, पण ती कोणा एकाच्या हातात नसते.

हे आपल्याकडचेच वैशिष्ट्य नव्हे. पश्चिम आफ्रिकेत घाना आणि टोगो या देशांत एवे लोकांचे ढोलवादन असेच बांधलेले आहे. तेथे ठोका धरते ती गांकोगुई नावाची लोखंडी जोडघंटा. तिची एक प्रसिद्ध चाल श्रोत्यांनी घरी करून पाहावी: एक ते बारा आकडे सारख्या गतीने मोजा आणि 1, 3, 5, 6, 8, 10, 12 या आकड्यांवर टाळी द्या, बारानंतर न थांबता पुन्हा एक. घंटेबरोबर भोपळ्याचा खुळखुळा आणि कागानू, किदी, सोगो हे लहानमोठे ढोल असतात. किदी मुख्य ढोलाला उत्तर देतो, कागानू आपली छोटी चाल सोडीत नाही, आणि मुख्य वादक इशारा देईल तेव्हा सारे पालटतात. ए. एम. जोन्स या इंग्रज मिशनऱ्याने डेझमंड टे या एवे वादकाच्या साहाय्याने हे वादन कागदावर उतरविले. तो ग्रंथ 1959 साली निघाला.

परंतु एका बाबतीत आमची हलगी निराळी आहे, आणि ते लपवून तिचे कौतुक करणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते. ही कला गावाने ज्यांना शिवले नाही त्यांच्या हातांनी जगविली. लग्न असो, देवाची मिरवणूक असो, की दवंडी असो, वाजवायला यायचे हे त्यांचे काम. मोबदला म्हणजे बलुत्याचे धान्य किंवा उरलेसुरले अन्न, आणि 'नाही' म्हणण्याची सोय नाही. 1956 च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतील बौद्धांनी गावकीची वाद्ये खाली ठेवली, ती याच कारणाने. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा 1958 चा. आम्ही कामगारांत वावरणारे. मजुरी न ठरविता करून घेतलेल्या कामाला आम्ही दुसरे नाव देतो.

म्हणून तात्या जेव्हा म्हणाले, "तुमास्नी शिकवतो, पर नातवाला न्हाई शिकवणार," तेव्हा आम्ही वाद घातला नाही. नातू कारखान्यात फिटरचे काम शिकतो आहे. हलगी घरात टांगलेली दिसली तरी त्याला राग येतो. शहरातली मुले हौसेने शिकावयास येतात आणि टाळ्या मिळवून जातात. त्यांना कोणी त्यांची जात आठवून देत नाही. त्याला देतात. कला मेली तरी चालेल, असे आम्ही म्हणणार नाही. पण ती जगविण्याचा भार पुन्हा त्याच घरावर टाकण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आम्ही एवढेच केले की शिकवणीचे पैसे आधी ठरविले. तात्यांनी फार कमी सांगितले, आम्ही वाढविले. तासभर उलटी घासाघीस झाली. आता ते दर बाजारच्या दिवशी शिकवितात. संथ चाल आम्हांला येते. कुस्ती रंगात आल्यावर वाजते ती जलद चाल लागली, की आमची काडी मागे राहते, आणि तात्या काही न बोलता हलगी काढून घेऊन पुन्हा कैताळ आमच्या हातात देतात.