सुपरमार्केटमधील भाववाढ व ग्राहकाची निवड

ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य मांडणीवरील मालाच्या विविधतेपेक्षा परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या विक्रेत्यांच्या संख्येवर अधिक अवलंबून असते. ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटमधील किराणा विक्रीपैकी सु. ६७% विक्री वुलवर्थ्‌स (३८%) व कोल्स (२९%) या दोन साखळ्यांकडे असल्याचे तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाच्या २०२५ च्या अहवालात नमूद आहे. अन्नधान्याची मागणी अलवचिक असल्याने भाव वाढले, तरी खरेदी थांबत नाही. ग्राहक बहुधा साखळीच्या स्वतःच्या छापाच्या स्वस्त मालाकडे वळतो. परंतु पैसा त्याच विक्रेत्याकडे जातो. जवळपास दुसरे दुकान नसलेल्या ग्रामीण कुटुंबांना याहून वेगळा पर्याय क्वचितच उरतो. मोठ्या दुकानांना वजन-मापाच्या एककानुसार किंमत दर्शविणे २००९ मध्ये सक्तीचे झाले. त्यामुळे तुलना सुलभ झाली; मात्र स्पर्धक वाढले नाहीत.