काडीवरची इटली, सब्जाच्या कुंडीतून

फ्रेशर्स पार्टी म्हटलं की आपल्या जिल्ह्यात मेन्यू ठरलेला: शेगावची कचोरी, वेफर्स, कोल्ड्रिंक. इटालियन वगैरे पुण्या-मुंबईच्या कॅफेतच मिळतं, असं वाटतं ना? मग हे करून बघा.

इटलीतल्या काप्री बेटाच्या नावाने ओळखलं जाणारं 'काप्रेसे' सॅलड म्हणजे टोमॅटो, मोझरेला चीज आणि बेसिलची पानं. लाल, पांढरा, हिरवा. थेट इटलीचा झेंडाच! तेच टूथपिकला टोचलं की स्टार्टर तयार. ना गॅस, ना ओव्हन, त्यामुळे होस्टेलवरही जमतं.

पण बुलढाण्यात बेसिल आणायचं कुठून? किराणा दुकानातून! फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. बी जुनं नसेल तर कुंडीत सहज उगवतं. वरून माती अगदी पातळ टाका, ऊन द्या. आठवडाभरात कोंब, दीड-दोन महिन्यांत पानं. अंगणातली तुळस त्याच कुळातली, पण चव वेगळी.

मोझरेलाऐवजी ताजं पनीर घ्या. तुकडे दहा मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात ठेवले की मऊ होतात. टोमॅटो घट्ट हवा. बिया काढून फोडी करा. टोमॅटो, पान, पनीर असं टोचा. वरून थोडं तेल, ठेचलेला लसूण, लिंबू, मिरपूड. टोमॅटोवर मीठ मात्र वाढतानाच टाका, नाहीतर पाणी सुटतं. आणि आपल्याकडचा उन्हाळा माहितीये ना? पनीर तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

पार्टी दोन महिन्यांवर असेल, तर सब्जा आजच पेरा.